फळ येईपर्यंतचा भरवसा : मराठवाड्यातली घरची रोपवाटिका

विकत घेतलेली वस्तू खरी की खोटी हे बहुतेक वेळा लवकर कळतं. दूध नासकं असेल तर तापवतानाच कळतं. सोयाबीनचं बियाणं बोगस असेल तर आठ-दहा दिवसांत रान सांगतं. मोसंबीचं रोप मात्र पहिलं धड पीक द्यायला चार-पाच वर्षं घेतं. कलमी केसर आंबा तिसऱ्या वर्षी मोहरतो खरा, पण बाग हाताशी यायला पाच-सहा वर्षं जातात. सहा बाय सहा मीटरवर मोसंबी लावली तर हेक्टरी २७७ झाडं बसतात. तेवढे खड्डे, शेणखत, ठिबक, राखण, वाईट उन्हाळ्यात टँकरचं पाणी, एवढं सगळं करून पाचव्या वर्षी कळलं की झाडं भलत्याच जातीची आहेत, तर नर्सरीवाल्याकडून काय परत मागायचं? रोपांचे पैसे मिळाले तरी ते या खर्चात चिल्लर. गेलेली पाच वर्षं तर मिळतच नाहीत.

रोपवाटिकेचा धंदा समजून घ्यायचा तर आधी ही अडचण नीट ध्यानात घ्यावी लागते. न्युसेलर आणि साथगुडी या मोसंबीच्या दोन जाती. त्यांची हातभर उंचीची रोपं शेजारीशेजारी ठेवली तर भल्याभल्यांना फरक सांगता येत नाही. आंब्याचंही तेच. गिऱ्हाइकासमोर हिरवी पानं असतात आणि विकणाऱ्याचा शब्द असतो. त्यामुळं तो रोपाआधी माणूस पाहतो. पाच वर्षांनी भांडायला जायचं झालं तर घर सापडेल का, हा त्याचा मनातला प्रश्न असतो. मराठवाड्यात फळझाडांच्या रोपांचा धंदा कंपन्यांच्या हातात न जाता मुख्यतः घराण्यांकडे का राहिला, याचं उत्तर माझ्या मते याच प्रश्नात आहे.

जालन्याकडे बघितलं की हे लगेच पटतं. त्याच शहरात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली, संकरित बियाण्यांचा देशातला मोठा उद्योग उभा केला, आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याची पिशवी देशभर जाते. माल कसा आहे ते एका हंगामात कळतं, आणि संकरित वाण असल्यानं शेतकरी दरवर्षी पुन्हा दुकानात येतो. वाईट अनुभव आला की पुढच्या वर्षी दुसरी पिशवी उचलतो. शिक्षा लगेच होते, म्हणून कंपनीला नाव सांभाळावंच लागतं. त्याच जालन्याच्या आसपास मोसंबीची रोपं करणारा माणूस मात्र एका गिऱ्हाइकाला वीस वर्षांत एकदाच भेटतो. झाड एकदा लावलं की लावलं. मग त्याचं नाव टिकतं कशावर? गिऱ्हाइकाच्या सोयऱ्यांवर. आधी ज्यांची बाग फळली ते पाहुणे, गाववाले, दूध संघातली ओळख. ही जाहिरात पसरायला दहा वर्षं लागतात आणि मोडायला एक लग्नसराई पुरते.

पुढं जी वाटचाल सांगतोय ती कुणा एका घराची नाही. या भागात दोन-तीन पिढ्या रोपं करणारी जी घरं आहेत, त्यांच्यात जे सारखं दिसतं तेवढंच घेतलं आहे. जालना, अंबड, पैठण हा मोसंबीचा पट्टा, बीड-धारूर-अंबाजोगाईकडं बालाघाटाच्या डोंगरात सीताफळ, आणि केसर आंबा आता जवळजवळ सगळीकडं.

खुंट आणि डोळा

इतिहासाआधी थोडं हातातलं काम पाहू, कारण धंद्यातला खरेखोटेपणा तिथंच ठरतो.

केसरची कोय पेरून केसर मिळत नाही. कोयीत आईबरोबर बापाचाही वाटा असतो, आणि बाप कोण हे मोहरावर बसलेल्या माशांनी ठरवलेलं असतं. म्हणून हव्या त्या झाडाची काडी आणून ती दुसऱ्या रोपावर बसवावी लागते. खालचं रोप म्हणजे खुंट. पाणी शोधणं, ताण सोसणं, जमिनीतल्या रोगांशी झुंजणं ही कामं खुंटाची. फळाची चव, रंग, आकार हे वरच्या काडीचं. आंब्यात काडीला पाचर करून खुंटात बसवतात. मोसंबीत अख्खी काडी लागत नाही. खुंटाच्या सालीत टी आकाराचा काप घेऊन एक डोळा आत सरकवतात आणि पट्टी बांधतात. याला डोळा भरणं म्हणतात. डाळिंबाची गुटी बांधतात, म्हणजे झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून ती वेगळी करतात, तिथं खुंटाचा प्रश्नच येत नाही.

मोसंबीला खुंट लागतो जंबेरीचा किंवा रंगपूर लिंबाचा. या लिंबांची एक खोड आहे. एका बीतून दोन-दोन, तीन-तीन रोपं उगवतात. त्यातलं एखादं परागीभवनातून आलेलं, म्हणजे आई-बाप दोघांचं. बाकीची बीमधल्या आईच्याच पेशींपासून तयार झालेली, म्हणजे हुबेहूब आईसारखी. नर्सरीवाल्याला हवी असतात ती ही दुसरी, कारण ती सगळी एकसारखी वाढतात आणि पुढं बागही एकसारखी येते. मग गादीवाफ्यात फिरून वेगळी दिसणारी, खुरटलेली किंवा अचानक फोफावलेली रोपं उपटून टाकायची. उपटलेलं प्रत्येक रोप म्हणजे बुडालेले पैसे. ते उपटलं नाही तरी त्यावर डोळा लागतो, पिशवी भरते, विकलंही जातं. दहा वर्षांनी बागेत शंभरातली काही झाडं बारकी का राहिली हे कुणालाच सांगता येत नाही. जुनं घर आणि हंगामी विक्रेता यांच्यात पहिला फरक इथं पडतो, आणि तो गिऱ्हाइकाला दिसत नाही.

दुसरा फरक दिसू शकतो. डोळा जमिनीपासून वीतभर उंचीवर, म्हणजे २० ते २५ सेंटिमीटरवर भरावा अशी शिफारस आहे. कारण फायटोप्थोरा नावाची बुरशी. ती ओल्या मातीत राहते आणि पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर खोडावर चढते. मोसंबीची साल तिला लवकर बळी पडते, रंगपूरची त्या मानानं टिकते. सांधा मातीच्या जवळ आला की मोसंबीच्या सालीलाच बुरशी लागते आणि खोडातून डिंक गळायला लागतो. शेतकरी त्याला डिंक्या म्हणतात. मग खाली डोळा भरतात कशाला? खुंट बुडाशी आधी जाड होतो. तिथं भरलं की रोप महिना-दोन महिने आधी तयार होतं. घाई कुणाची आणि भोगतो कोण, एवढाच हा हिशेब.

मातीचंही असंच. एकाच गादीवाफ्यात वर्षानुवर्षं लिंबू पेरला की ती माती बुरशीचं आणि सूत्रकृमींचं घर होते, आणि प्रत्येक रोपाबरोबर थोडी थोडी गिऱ्हाइकाच्या रानात जाते. उपाय स्वस्त आहे. मे महिन्यात माती ओली करायची, त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक अंथरायचं, कडा दाबायच्या आणि चार ते सहा आठवडे तापू द्यायची. ऊन आपल्याकडं फुकट आहे. लागते ती फक्त दीड महिना जागा मोकळी ठेवायची तयारी.

आंब्यात वेळेचं गणित वेगळं. कोय फार दिवस जिवंत राहत नाही, महिनाभरात तिची उगवण पडते. म्हणून रायवळ आंब्याच्या कोया जूनमध्ये गोळा करून लगेच पेरायच्या. त्या उगवल्या की कोवळ्यावरच कलम बांधतात, नाही तर खुंट वर्षभर वाढवून पुढच्या हंगामात बांधतात. ज्या काड्या घ्यायच्या त्यांची पानं आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून कापतात, म्हणजे डोळे फुगतात आणि कलम लवकर धरतं. पिशवीत मूळ जास्त दिवस राहिलं तर ते तळाशी गोल गुंडाळतं आणि शेतात गेल्यावरही सरळ खोल जात नाही. कोरडवाहू भागात हे फार महाग पडतं. म्हणून काही जुनी माणसं सांगतात, कोय शेतातच लावा, खुंट जागेवर वाढू द्या, कलम बांधायला आम्ही तिथं येतो. यात नर्सरीवाल्याचं रोप विकलं जात नाही, मजुरी तेवढी मिळते. तरी असा सल्ला देणारा भेटला तर त्याचं ऐकावं, असं माझं मत.

आजोबांची विहीर

एकेकाळी इथं बागायत म्हणजे विहीर आणि मोट. निजामाच्या राज्यात असताना १९०० साली मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडवरून हैदराबादकडं रेल्वे गेली आणि नाशवंत फळ लांबच्या बाजारात पाठवणं शक्य झालं. ज्याच्या विहिरीला पाणी त्याची बाग, आणि ज्याची बाग नावाजलेली त्याच्याकडं शेजारी रोपं मागायला यायचे. बऱ्याच घरांत धंद्याची सुरुवात अशीच झाली. आधी स्वतःची बाग, मग चार वाफे जास्तीचे, मग पाटी. या क्रमाला महत्त्व आहे. ज्या झाडाचा डोळा घेतला ते झाड गिऱ्हाइकाला बांधावर उभं राहून बघता यायचं, त्याचं फळ खाता यायचं. शब्दाला पुरावा होता.

तेव्हा प्लास्टिकची पिशवी नव्हती. लिंबू-मोसंबीची रोपं वाफ्यातून उघड्या मुळांनी काढायची, मुळं चिखलात बुडवायची, ओल्या गवतात जुडी बांधायची आणि बैलगाडीनं किंवा एसटीच्या टपावरून न्यायची. लांबचा प्रवास रोपाला सोसत नसे, त्यामुळं गिऱ्हाईक आपोआप वीस-पंचवीस कोसांतलं असायचं. पुढं काळी पिशवी आली, रोप मातीसकट टेम्पोत चढलं आणि विकणारा-घेणारा यांच्यातलं अंतर वाढलं. ओळखीवर चालणारा धंदा अनोळखी गिऱ्हाइकाकडं जाऊ लागला तेव्हा कायद्याची गरज पडणारच होती.

तो कायदा खरं तर आधीच होता. राज्यानं १९६९ साली फळरोपवाटिका आणि फळझाडांच्या विक्रीचं नियमन करणारा कायदा केला. त्याचा गाभा साधा आहे. परवान्याशिवाय फळझाडांची रोपं करून विकायची नाहीत. खुंट कुठून आणला, काडी कुठल्या झाडाची, याची नोंद ठेवायची. मातृवृक्ष, म्हणजे ज्यांची काडी घेतात ती झाडं, कुठं उभे आहेत याचा नकाशा ठेवायचा. रोपावर जातीची चिठ्ठी लावायची, रोगट रोप विकायचं नाही. म्हणजे गावात जे आजोबांच्या तोंडच्या शब्दावर चालायचं तेच रजिस्टरमध्ये उतरवलं. वही नीट ठेवली तर कायदा चांगलाच आहे. फक्त वहीत लिहिलेलं झाड आणि काडी कापलेलं झाड एकच आहे का, हे बघायला तपासणीस काडी कापतानाच हजर पाहिजे, आणि तो तसा हजर नसतो.

१९७२ च्या दुष्काळानं पहिल्या पिढीचे वाफे मोडले. विहिरी तळाला गेल्या, बागा वाळल्या, मातृवृक्षही गेले. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीला कृषी विद्यापीठ स्थापन झालं, तेच आजचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. जायकवाडीचं पाणीही याच दशकात आलं. औरंगाबादच्या हिमायत बागेतलं फळ संशोधन केंद्र, बदनापूरचं मोसंबीचं आणि अंबाजोगाईचं सीताफळाचं, या केंद्रांचा घरच्या रोपवाटिकांना मोठा आधार झाला. स्वतःचा मातृवृक्ष वाळला तर खात्रीची काडी मिळायची जागा झाली. धारूर-६ हे सीताफळ अंबाजोगाईच्याच केंद्रातलं.

१९९० नंतरचा पूर

रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. १९९० साली राज्यानं फळबाग लागवड या योजनेला जोडली. खड्डे, रोपं, लागवड, सगळ्याला अनुदान. पडीक, माळरानाच्या जमिनीवरही लोक आंबा, सीताफळ, बोर, आवळा लावायला पुढं आले आणि काही वर्षांत राज्यातलं फळबागांचं क्षेत्र कितीतरी पटींनी वाढलं. योजना चांगली होती. आज मराठवाड्यात जी फळबागांची सवय दिसते तिची मुळं तिथं आहेत.

पण रोपवाटिकेच्या बाजूनं पाहिलं तर वेगळंच दिसतं. रोप एका दिवसात तयार होत नाही. या जूनला कोय पेरली तर विकण्याजोगं कलम पुढच्या पावसाळ्याला. मागणी एका वर्षात दसपट झाली तर रोपं दसपट कुठून येणार? मातृवृक्ष तर तेवढेच. मग मिळेल त्या झाडाची काडी, मिळेल तिथून ट्रकनं आणलेली रोपं. शिवाय गिऱ्हाईकही बदललं. स्वतःच्या खिशातून पैसे घालणारा शेतकरी दहा ठिकाणी विचारून रोप घ्यायचा. सरकार पैसे देतंय म्हटल्यावर रोपांची संख्या पूर्ण झाली आणि परवानाधारकाचं बिल मिळालं की काम झालं. या काळात बिलाला मोल आलं आणि शब्दाचं थोडं कमी झालं.

नंतरच्या योजनांनी यावर उपाय शोधला. २०१८ मध्ये आलेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं, आणि पुढचा हप्ता झाडं किती जगली हे बघून. यानं मेलेल्या रोपांची फसवणूक बरीच थांबते. जिवंत पण खोट्या जातीचं झाड मात्र तिन्ही हप्ते घेऊन जातं, कारण तिसऱ्या वर्षापर्यंत फळ आलेलं नसतं.

केसरची गोष्ट याच काळातली. हापूसचं फळ पुष्कळदा आतून बिघडतं, साका होतो, आणि तो एक वर्ष येतो, एक वर्ष येत नाही. केसर मूळ जुनागढचा, १९३४ साली तिथल्या नवाबानं त्याच्या केशरी गरावरून नाव दिलेला. त्याला आपली कोरडी हवा मानवली. नर्सऱ्यांनी तो उचलून धरला आणि आज मराठवाडा केसरला स्वतःचं भौगोलिक मानांकन आहे. जालन्याच्या मोसंबीला आणि बीडच्या सीताफळालाही आहे. पुष्कळांचा इथं गैरसमज होतो. भौगोलिक मानांकन हे ठरावीक भागात पिकलेल्या फळाचं असतं. नर्सरीच्या पाटीवर त्याचा शिक्का रंगवला म्हणून आतलं रोप खरं ठरत नाही.

कोरडी वर्षं

दुष्काळ रोपवाटिकेला दोन बाजूंनी मारतो. आपल्या रोपांना पाणी लागतं ते लागतंच, आणि ज्यांनी मागणी नोंदवली ते शेतकरी पाऊस नाही म्हणून येत नाहीत. रोपं विकायचा काळ जून ते ऑगस्ट. तो गेला की रोपं वर्षभर अंगावर पडतात. ती मोठ्या पिशवीत बदलावी लागतात, नाही तर मूळ गुंडाळतं. दीड वर्ष अडकलेला पैसा अडीच वर्षांवर जातो. अशा वर्षी घरची माणसंच पिशव्या भरतात. तसं एरवीही पिशव्या भरणं, तण काढणं, पट्टी सोडणं हे काम मुख्यतः घरच्या आणि गावातल्या बायकांचंच. पाटीवर नाव दादांचं असलं तरी कुठल्या ओळीत कुठली काडी बांधली हे बहुतेक घरांत वहिनीला जास्त पाठ असतं.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना-औरंगाबाद पट्ट्यातल्या मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. टँकरचं पाणी घालूनही टिकल्या नाहीत तेव्हा लोकांनी जेसीबी लावून झाडं काढली. २०१६ च्या एप्रिलमध्ये तर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं. त्यानंतर कमी पाण्यात निभावणाऱ्या सीताफळाची आणि केसरची मागणी वाढली. ज्या घरांची सगळी मदार मोसंबीवर होती त्यांनी सीताफळाचे कलम बांधायला शिकून घेतलं. गावरान सीताफळाच्या बिया पेरून खुंट करायचा आणि त्यावर निवडक जातीची काडी, म्हणजे काम तेच, झाड दुसरं.

बार्शी तालुक्यातलं एनएमके-१ गोल्डन हे सीताफळ गाजलं आणि त्याबरोबर नवा प्रश्न घरच्या रोपवाटिकांच्या दारात आला. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानुसार वाणाची नोंदणी करता येते. फळझाडांच्या बाबतीत हे संरक्षण जास्तीत जास्त १८ वर्षांचं. नोंदलेल्या वाणाची रोपं करून विकायची तर मालकाची परवानगी लागते. शेतकऱ्यानं आपल्या बागेसाठी ठेवणं, शेजाऱ्याला देणं याला कायद्यात मुभा आहे. त्या वाणाच्या नावानं, त्याचा ब्रँड लावून विकायला नाही. शेजाऱ्याकडून काडी आणून कलम बांधणं ही ज्यांची तीन पिढ्यांची रीत, त्यांना ही रेघ कळायला वेळ लागला. याच कायद्यात शेतकऱ्याच्या बाजूचीही एक सोय आहे. नोंदणीकृत वाणाबद्दल जे सांगितलं तसं उत्पन्न आलं नाही तर भरपाई मागता येते. ग्राहक न्यायालयाचा रस्ताही आहे. बियाण्याच्या बाबतीत शेतकरी हा ग्राहकच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये स्पष्ट केलं. पण ग्राहक कायद्यात तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. ती रोप घेतल्यापासून मोजायची की फळ दिसल्यापासून, यावरच वकिलांची पहिली झटापट होते.

या काळात दुसरीकडं रस्त्याच्या कडेच्या नर्सऱ्या वाढल्या. तिथली शोभेची झाडं पुष्कळदा आंध्रातल्या कडियमहून येतात, राजमहेंद्रीजवळ, गोदावरीच्याच काठी. आपल्या पैठण-नांदेडचं पाणी खाली जातं आणि तिकडची झाडं ट्रकनं वर येतात. याला नावं ठेवण्यासारखं काही नाही. जास्वंद कसं आहे ते डोळ्यांना दिसतं, कुंडीसकट घरी नेता येतं. तोच ट्रक ‘केसर’ची चिठ्ठी लावलेली पाचशे कलमं घेऊन आला तर मात्र सावध व्हावं. मधूनमधून अशा गाड्यांबरोबर लाटाही येतात. कधी जट्रोफा, कधी चंदन, कधी महोगनी, सोबत ‘माल आम्हीच परत घेऊ’चा करार. जुन्या घरांनी या लाटांत हात धुऊन घेतले नाहीत असं नाही, पण ज्यांनी धुतले त्यांना नंतर आपल्याच तालुक्यात तोंड चुकवत फिरावं लागलं.

वाटणी

आता सगळ्यात नाजूक भाग. शेताची वाटणी होते, मोजणी करून बांध घालता येतो. रोपवाटिकेची कशी करायची? तिची किंमत शेडनेटमध्ये किंवा पिशव्यांत नसते. ती पाच-पंचवीस मातृवृक्षांत, वहीत आणि आडनावात असते. मातृवृक्ष ज्याच्या सातबाऱ्यात गेले त्याचा धंदा, बाकीच्यांकडं नुसती पाटी. परवानाही ठरावीक व्यक्तीच्या नावानं आणि ठरावीक जागेचा असतो, वाटणीबरोबर तो आपोआप दुभागत नाही, प्रत्येकाला आपापला घ्यावा लागतो. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये वडिलोपार्जित संपत्तीत मुलींनाही जन्मानं वाटा दिला, तेव्हा बहिणींचाही विचार करावा लागतो. शहाणी घरं विहिरीसारखेच मातृवृक्षही सामाईक ठेवतात, काडी कुणी कधी कापायची ते ठरवून घेतात. बाकीच्या घरांची खूण रस्त्यावर दिसते. एकाच आडनावाच्या दोन पाट्या आणि दोन्हींवर ‘मूळ’.

कराच्या बाजूनं हा धंदा सुटसुटीत आहे. जिवंत रोपांवर जीएसटी नाही. आयकराचा मात्र पूर्वी घोळ होता. जमिनीत न लावता पिशवीत वाढवलेलं रोप ही शेती की व्यापार, यावर वाद व्हायचे. २००८ च्या वित्त कायद्यानं तो मिटवला आणि रोपवाटिकेत वाढवलेल्या रोपांचं उत्पन्न हे शेती उत्पन्नच धरलं. दुसरीकडून आणून नुसती विकलेली रोपं यात बसत नाहीत, तो व्यापार.

राष्ट्रीय फलोत्पादन मंडळ आता रोपवाटिकांची तपासणी करून तारे देतं. मातृवृक्ष, माती, पाणी, नोंदी सगळं बघतात. नव्या पिढीला हे तारे हवे असतात, कारण त्यांचं गिऱ्हाईक फोनवरचा व्हिडिओ बघून तीनशे किलोमीटरवरून येतं आणि त्याला आजोबा कोण हे माहीत नसतं. तारे चांगलेच. तरी ते रोपवाटिकेला असतात, एकेका रोपाला नसतात.

तेव्हा रोपं घ्यायची असतील तर पावसाळ्याच्या तोंडावर न जाता मातृवृक्षाला फळ असताना जावं. केसरसाठी मेमध्ये, सीताफळासाठी दसरा-दिवाळीच्या सुमारास, मोसंबीसाठी आंबे बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेर फुललेल्या फळांची, तोडणी चालू असताना. झाड दाखवा म्हणावं, फळ कापून खावं, मागणी तेव्हाच नोंदवावी. न्यायला जाल तेव्हा सांधा जमिनीपासून वीतभर वर आहे का बघावं, एखादी पिशवी फाडून मूळ गोल फिरलंय का बघावं. पिशवी फाडू देत नसेल तर तिचे पैसे देऊ म्हणावं. आणि पावतीवर नुसतं ‘फळझाडे, नग इतके’ असं चालवून घेऊ नये. जात, खुंट, मातृवृक्ष कुठला आणि परवाना क्रमांक, हे चारही लिहून घ्यावं. पावती थर्मल कागदाची असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढावी. ती शाई पहिल्या मोहरापर्यंत टिकत नाही.